ताईची ओढणी आणि माझे गुडघे

युरोपच्या सहलीआधी पंधरा दिवस, दादरच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये आम्हा चाळीस जणांना तिकडे कसं वागायचं ते शिकवण्यात आलं. स्टेजवर सहल कंपनीच्या बाई उभ्या होत्या. त्यांच्यामागे आदल्या दिवशीच्या लग्नातली नवरा-नवरीची मखमली खुर्ची तशीच राहिली होती, त्यामुळे त्या जे सांगत होत्या त्याला आपोआप भारदस्तपणा येत होता. पासपोर्ट कुठे ठेवायचा, हॉटेलच्या खोलीत लोणच्याची बरणी का उघडायची नाही, असं करत करत बाई कपड्यांवर आल्या.

"जूनअखेर तिकडे चांगलंच ऊन असतं," त्या म्हणाल्या, "पण चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. लेडीजनी स्लीव्हलेस नको, जेंट्सनी हाफ पँट नको. दारात माणूस उभा असतो. तो कोणाचं ऐकत नाही."

मागच्या रांगेतून एका काकूंनी हात वर केला. "साडीत पोट दिसतं, ते चालतं का?"

बाईंनी हातातला कागद वरून खालपर्यंत वाचला. "पोटाबद्दल काही लिहिलेलं नाही."

"आणि पाठ?"

"पाठीबद्दलही नाही."

मी शेजारी बसलेल्या ताईच्या कानात म्हटलं, "नियम करणाऱ्याने साडी बघितलेली नाही."

"गप्प बस. मला लिहू दे," ती म्हणाली. तिने वहीत 'खांदे, गुडघे' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. म्युनिसिपालिटीच्या शाळेत तेहतीस वर्षं शिकवल्यामुळे महत्त्वाचं तेवढं अधोरेखित करायची तिला सवय आहे.

मी काही लिहिलं नाही. देवाच्या दारातली कपड्यांची तपासणी या विषयावर माझी मतं ठाम होती आणि छापूनही आलेली होती. आपल्याकडच्या एका देवळाबाहेर 'तोकडे कपडे घालून येऊ नये' अशी पाटी लागली, तेव्हा मी एका दिवाळी अंकात त्यावर आठ पानं लिहिली होती. ज्याच्यापुढे गुडघे टेकायचे त्याला गुडघे दिसलेले का खपू नयेत, असं त्यात एक वाक्य होतं. ते मला फार आवडायचं. एवढं सगळं होऊनही थोडं आवडतंच, हे कबूल करतो.

ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. लालबागला एकटी राहते. त्याआधी कधी परदेशी गेली नव्हती आणि जायची हौसही तिने कधी बोलून दाखवली नव्हती. माझी बायको आमच्याबरोबर नव्हती. तीस वर्षं घरात माहिती ऐकल्यावर तीच ऐकायला इटलीत कशाला जायचं, असं तिचं म्हणणं. ताईने मात्र कंपनीच्या छापील पत्रकात पाचव्या दिवसाखाली एका गावाचं नाव वाचलं आणि दुसऱ्या दिवशी मला फोन केला, "आपण जायचं."

त्या गावात एका संताची समाधी आहे, आणि तो संत ताईच्या मैत्रिणीचा. ही मैत्रीण गिरगावातल्या खोताच्या वाडीतली. आम्ही दोन गल्ल्या सोडून एका चाळीत वाढलो. त्या दोघी पहिलीपासून एका बाकावर बसायच्या. तिच्या घराच्या दारावर त्या संताची काचेतली तसबीर मला आठवतं तेव्हापासून आहे. काही हरवलं की तो शोधून देतो, असं ती सांगायची. ताईची पेनं तिच्या दप्तरात सापडायची, त्याचं श्रेयही त्यालाच. आयुष्यभर तिला त्या समाधीपाशी एकदा जायचं होतं. आधी आईचं दुखणं निघालं, मग भावाचं, आणि शेवटी स्वतःचं हृदय. डॉक्टरांनी तिला जिना चढायचीही बंदी केली होती, मग विमान कुठलं.

निघायच्या आठवड्यात आम्ही तिच्याकडे गेलो. तिने कपाटातून एक डबी काढली. आत काळ्या लाकडी मण्यांची जपमाळ होती, खाली छोटा चांदीचा क्रूस.

"समाधीच्या मागच्या बाजूला दगड उघडा आहे," ती ताईला म्हणाली. "लोक तिथे हात लावतात. तिथे ही टेकव. मिनिटभर. बाकी काही नको आणू, चॉकलेटं तर अजिबात नको."

"टेकवते गं."

"मला नेतील तेव्हा ही हातात हवी."

"काहीतरी बोलू नको."

"काहीतरी काय? सत्तरी उलटली. घरात सांगून ठेवलंय मी." मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. "आणि हा पण येतोय? हा तिथे जाऊन देवाची तोंडी परीक्षा घेईल."

"नापास नाही करणार," मी म्हटलं.

"तूच पास हो आधी, धाकट्या." ती पुन्हा ताईकडे वळली. "खांदे झाकून जा हां. आईच्या वेळी डोकं पण झाकायला लागायचं."

ताईने हे दुसरं वाक्य वहीत लिहिलं नाही, पण मनात लिहिलं. तिने उभ्या जन्मात साडीशिवाय काही नेसलं नव्हतं. पण सरकत्या जिन्यांची तिला धास्ती होती, म्हणून तिने दादरला जाऊन दोन पंजाबी ड्रेस घेतले. बाह्या कोपरापर्यंत, रंग फिके. त्यातल्या एकावर तिने वेगळी, भलीमोठी सुती ओढणी घेतली, डोक्यावरून आणि खांद्यांवरून येईल अशी. ती खास पाचव्या दिवसासाठी होती. तो ड्रेस घालून ती सवयीसाठी बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये फिरली, तेव्हा शेजारीण म्हणाली, "काय हो बाई, कॉलेजला ॲडमिशन घेतलीत?" हे तिने मला फोनवर सांगितलं. हसत सांगितलं, पण ओढणी नीट घेतली की फार वावगं दिसत नाही ना, असं दोनदा विचारलं.

पाचव्या दिवशी ऊन असं होतं की मुंबईची माणसंही बोलेनाशी झाली. मी बर्म्युडा घातली होती. ताईने हॉटेलच्या नाश्त्यालाच विचारलं, "अरे, आज चर्च आहे ना?"

"चर्च रोजच असतं तिथे," मी म्हटलं. "बघू, काय करतात ते."

बसमध्ये माझ्या शेजारी परळचे एक निवृत्त डॉक्टर बसायचे. ते आमच्यातले दुसरे वाचणारे गृहस्थ. दोन तास मी त्यांना ऐकवलं: संतांची हाडं मध्ययुगात कशी विकली जायची, एकाच संताच्या एकाहून अधिक कवट्या कशा निघाल्या, दगडाला हात लावून बरं होणाऱ्यांचं मानसशास्त्र काय असतं. डॉक्टर मान डोलावत होते. ताई पुढच्या सीटवर होती, पर्स मांडीवर घेऊन. तिला ऐकू येत होतं. येत होतं हे मला माहीत होतं.

बस गावाबाहेर थांबली. बाईंनी पंचेचाळीस मिनिटं दिली. चालत चर्चपर्यंत पोचेपर्यंत त्यातली दहा गेली. दारात खरोखरच माणूस उभा होता, घामाने निथळणारा, काळा कोट घातलेला. त्याने ताईला हाताने 'या' म्हटलं आणि माझ्या गुडघ्यांकडे बोट दाखवून मान हलवली. पलीकडे एक बाई कागदी शाली विकत होती. त्याने तिकडेही बोट दाखवलं.

इथे मी शहाण्यासारखं वागून शाल घ्यायला हवी होती. त्याऐवजी मी त्या माणसाला इंग्रजीत प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्याला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे माझा मुद्दा बिनतोड राहिला.

"अरे, घे ना ती शाल," ताई म्हणाली.

"मी नाही घेणार. प्रश्न शालीचा नाही."

"मग तू थांब बाहेर. मी जाऊन येते."

"थांब गं, याला जरा समजावू दे. मी एवढं वाचून आलोय ते काय दारात उभं राहायला?"

मागे रांग वाढत होती. माणसं उसासे टाकत होती. ताईने घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि डोक्यावरची ओढणी काढून माझ्या कमरेला गुंडाळायला लागली. लहानपणी मला शाळेचा शर्ट खोचून द्यायची तशीच, गाठ करकचून. दारवाल्याने समाधानाने मान हलवली. माझ्या तत्त्वालाही, आश्चर्य म्हणजे, हे चाललं. विकतची शाल ही शरणागती, आणि बहिणीची ओढणी म्हणजे काहीच नाही, असा माझा हिशोब असावा.

"चल," मी म्हटलं.

ताईने दोन्ही हात छातीशी घेतले. "मी अशी कशी येऊ?"

दारवाल्याला तिच्याविषयी काहीच आक्षेप नव्हता. तिचे खांदे झाकलेले होते, गुडघे झाकलेले होते. ओढणी हवी असं कुठल्याच नियमात नव्हतं. पण सत्तरी उलटलेल्या, साडीतून चार दिवसांपूर्वी बाहेर पडलेल्या माझ्या बहिणीला ओढणीशिवाय देवापुढे जाणं म्हणजे काय, हे त्या माणसाला कळणं शक्य नव्हतं. मला कळत होतं.

"अगं, चालतं तसं," मी एकदा म्हटलं. एकदाच.

"नको. तू जा. तुला बघायचंय ना. ही तेवढी टेकव." तिने डबी माझ्या हातात दिली. "मिनिटभर, हां." आणि ती बाजूच्या पायऱ्यांवर, सावली नव्हती तिथे, पर्स छातीशी धरून बसली.

आत गार होतं. समाधीसाठी वेगळी रांग होती, फार मोठी नाही. मी तिच्यात उभा राहिलो. खरंच राहिलो. माझ्यापुढे वीसेक माणसं असतील. प्रत्येक जण दगडापाशी जाऊन तळवा टेकवायचा, काही जण कपाळही. मी कमरेला ओढणी गुंडाळून, हातात डबी घेऊन एकेक पाऊल पुढे सरकत होतो. पुढे तीन-चार माणसं उरली, तेव्हा पलीकडच्या खांबाआडून परळचे डॉक्टर आले. त्यांच्या हातात फोन होता. मला बघून ते थांबले. हसले. कुचेष्टेने नाही, नुसते ओळखीचे हसले, आणि फोटो काढायला फोन वर केला.

मी रांगेतून बाहेर पडलो.

एवढंच झालं. कोणी मला ढकललं नाही, वेळ संपली नव्हती, रांग बंद झाली नव्हती. मी डॉक्टरांपाशी जाऊन म्हटलं, "गर्दीचं निरीक्षण करत होतो." मग आम्ही दोघं भिंतींवरची चित्रं बघत फिरलो. मी बोलत होतो. डबी खिशात होती, आणि मधूनमधून मी तिला वरून हात लावून बघत होतो, हरवली नाही ना म्हणून. दगड तो दगड आणि लाकूड ते लाकूड, मी स्वतःला सांगितलं. मण्यांना काय कळणार आहे?

बाहेर आलो तेव्हा ताईचा चेहरा लाल झाला होता. ती उठून उभी राहिली. "टेकवलीस?"

"हो."

तिने डबी घेतली, उघडली, आणि जपमाळ आधी एका डोळ्याला, मग दुसऱ्या डोळ्याला लावली. लालबागला गणपतीच्या पायाशी ठेवलेलं फूल लावते तशी. मग माझ्या कमरेची गाठ सोडवून, ओढणी झटकून अंगावर घेतली, आणि तेव्हा कुठे तिने पाठ सरळ केली.

मुंबईला परत आल्यावर आम्ही खोताच्या वाडीत गेलो. मला जायचं नव्हतं. पण ताई म्हणाली, "टेकवलीस तू, तर द्यायला तू हवास." मैत्रिणीने डबी घेतली आणि उघडून बघितली. मग तिने माझा उजवा हात हातात घेतला आणि तळव्यावर स्वतःचा तळवा दाबून धरला. हा हात तिथे लागलाय, असं तिला वाटत होतं. मी हात काढून घेतला नाही. आजवर मी अनेक समारंभ, सत्कार, शाली-श्रीफळं यांच्याविषयी लिहून लोकांना हसवलं आहे. खोटा मान घेताना माणसाचं तोंड कसं दिसतं, हे मला चांगलं माहीत होतं. त्या दिवशी समोर आरसा नव्हता, एवढंच.

पुढचे काही आठवडे मी बरीच कारणं तयार केली. श्रद्धा ही मानण्यात असते, वस्तूत नसते. तिला समाधान मिळालं ना, मग झालं. सगळी कारणं पटण्यासारखी होती. दुसऱ्या कोणी सांगितली असती तर मला पटलीही असती. पण ती जपमाळ त्या बाईच्या हातात घालून पुरणार होते. माझं खोटं तिच्याबरोबर मातीत जाणार होतं, आणि मी तेव्हा तिथे काळे-पांढरे कपडे घालून, गुडघे वगैरे नीट झाकून, उभा असणार होतो.

श्रावणात एका सकाळी मी एकटाच वाडीत गेलो. ती व्हरांड्यात बसून मटार सोलत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बर्म्युडा, ओढणी, रांग, डॉक्टर, सगळं. ती सोलत राहिली. माझं संपलं तेव्हा तिने हातातली शेंग संपवली.

"फोटोत येशील म्हणून?"

"हो."

"लुंगीवर?"

"ओढणी होती."

ती हसली नाही. "आणि ती कुठे होती तेव्हा?"

"कोण?"

"कोण काय! तुझी बहीण."

"बाहेर. पायऱ्यांवर."

"उन्हात."

"हो."

"मग मला काय सांगायला आलायस?" तिने टोपली बाजूला सारली. "रोझरीचं मी आणि तो बघून घेऊ, तू मध्ये पडू नको. मी इथे पंख्याखाली होते. उन्हात कोण बसलं होतं? तिला सांगितलंस?"

"नाही."

"मग जा ना. इथे काय करतोस?"

मी गिरगावातून टॅक्सी केली. लालबागला मंडपांचे बांबू उभे राहत होते, टॅक्सी पुलाखालीच अडकली, तिथून चालत गेलो. ताई घरी होती. मी चपला काढतानाच बोलायला लागलो, कारण बसलो असतो तर पाणी आलं असतं, मग चहा, आणि मग मी काहीतरी दुसरंच बोललो असतो.

ती ऐकत होती. शाळेत एखादं पोर खोटं बोलल्याचं कबूल करताना ऐकत असेल, तशी, मधे न बोलता. मी क्षमेचं एक वाक्य तयार करून आणलं होतं. ते म्हटल्यावर मलाच ते छापील वाटलं.

"म्हणजे रांग सुरू होती," ती म्हणाली.

"हो."

"आणि तुला ती टेकवायचीच नव्हती."

"टेकवायची होती. पण..."

"तर मग बाहेर येऊन ओढणी द्यायची ना मला. वेळ होता की."

वेळ होता. मी चित्रं बघितली तेवढा तर नक्कीच होता.

"तिचं काम होतं ते खरंच," ताई म्हणाली. "पण मला पण बघायचं होतं रे."

इतक्या दिवसांत हे माझ्या मनात आलं नव्हतं. जपमाळ तिच्या मैत्रिणीची, चित्रं माझी, आणि ताई दोन्हींच्या मधे ओढणी धरून उभी, अशी वाटणी मी केव्हाच करून टाकली होती. तिने पत्रकात गावाचं नाव वाचून फोन केला, तेव्हा तिचा आवाज कसा होता, हे मी आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही. मी तेव्हा तिला त्या गावाची माहिती सांगायला लागलो होतो.

ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खाली बांबूंवर हातोडे पडत होते.

"तो दगड," तिने विचारलं, माझ्याकडे न बघता, "गार होता का?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "मी हात लावला नाही."